ट्रिएस्टला चार दिवस

मला चार दिवस हवे होते. बाबा मला ओळखताहेत तोवरचे चार दिवस. ते जमले नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी आशा लावून बसायला नको. मला स्वतःला असल्या आशा लावून बसवणाऱ्या गोष्टींचा भयंकर राग येतो.

बाबा नाशिकला असतात, दादा-वहिनीकडे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे, आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत. मी असते मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत. नवरा, चौदा वर्षांची मुलगी, आणि एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर, ज्यात मी रोज सकाळी डोकं घालते ते संध्याकाळी बाहेर काढते. इथे येऊन सतरा वर्षं झाली. त्यातली शेवटची आठ वर्षं नाशिकला गेलेली नाही. आई गेली तेव्हाही नाही. माझ्या व्हिसाचा शिक्का संपला होता. तिकडे गेले असते तर परत येण्यासाठी नव्या शिक्क्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा पत्ता नव्हता. सगळे म्हणाले, नको येऊस. मग मी नाही गेले. दादाने फोन उंच धरून मला सगळं दाखवलं, आणि नेमकं नको तेव्हा नेटवर्क गेलं. त्याच्यावर मी आणखी लिहिणार नाही.

मग दोन वर्षांनी तो कागद आला. ग्रीन कार्डच्या रांगेत आमच्यासारखे जे वर्षानुवर्षं उभे आहेत, त्यांना रांगेच्या एका टप्प्यावर प्रवासाचा परवाना मिळतो. आमच्याकडे सगळे त्याला एपी म्हणतात. तो हातात असला की देशाबाहेर जाऊन परत येता येतं. वर्षभर चालतो, मग नवा मागायचा. लिफाफा उघडला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. नवरा म्हणाला, "अगं, आता तर जाता येणार आहे, आता का रडतेस?" पुरुषांना काही काही गोष्टी सांगण्यात अर्थ नसतो.

शनिवारी सकाळी साडेआठला मी बाबांना व्हिडिओ कॉल करते. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, चहा झालेला असतो. म्हटलं, "बाबा, आला कागद. येते मी." मला वाटलं होतं ते ये म्हणतील, कधी येतेस विचारतील, वहिनीला हाक मारतील. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "इकडे नको येऊस."

"म्हणजे?"

"इथे काय आहे बघण्यासारखं? आपण ट्रिएस्टला भेटू. चार दिवस."

आता हे ट्रिएस्ट म्हणजे काय ते सांगायला हवं. इटलीच्या ईशान्येला, नकाशात अगदी कोपऱ्यात खेचून बसवलेलं एक बंदर आहे. तिथे पदार्थविज्ञानाच्या एका अभ्यासवर्गासाठी बाबांना तरुणपणी बोलावणं आलं होतं. तीन आठवड्यांचा वर्ग, जगभरातले लोक येणार. नाशिकच्या कॉलेजातल्या मास्तराला हे म्हणजे काय होतं, ते आज सांगून कळणार नाही. सगळं ठरलं होतं. आणि मी सातव्या महिन्यातच जन्माला आले, कशीबशी जगले, आणि बाबा राहिले. ते पत्र कपाटात गेलं. आमच्या घरात हा किस्सा पाहुण्यांना हमखास सांगितला जायचा. "हिने माझं ट्रिएस्ट घालवलं," असं म्हणून बाबा माझ्या डोक्यावर टपली मारायचे. सगळे हसायचे. मीही हसायचे, पण आतून चिडायचे. मी काय ठरवून आले होते?

तर त्यांनी ट्रिएस्ट म्हटल्यावर मला वाटलं, म्हातारपणी मनातलं राहिलेलं वर आलं. आणि खरं सांगू? मला सुटल्यासारखं झालं. नाशिकला जायचं म्हणजे आई नसलेल्या घरात शिरायचं. ओट्यापाशी वहिनी असणार, आईची खोली बाबांची झालेली असणार, आणि शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावून म्हणणार, "आलीस का गं शेवटी!" तो "शेवटी" मला ऐकायचा नव्हता. म्हटलं, ठीक आहे, ट्रिएस्ट. दादा त्यांना घेऊन येईल, मी बोस्टनहून रोमला पोचेन आणि तिथून पुढे एकत्र जाऊ. दादा म्हणाला, "बघू." दादाच्या "बघू"चा अर्थ मी त्या वेळी विचारला नाही.

मग सुरू झालं आमचं प्लॅनिंग. मी शहराच्या लायब्ररीतून एक जाडजूड प्रवासाचं पुस्तक आणलं, एक्सेल शीट केली. बाबांनी काय केलं असेल? कॉलेजचं टाइमटेबल केलं. पहिला दिवस, पहिला तास: समुद्राकडे एका बाजूने उघडा असलेला मोठा चौक. दुसरा तास: समुद्रात सरळ आत गेलेला दगडी धक्का, त्याच्या टोकापर्यंत चालत जाणे, परत येणे. तिसरा तास: कॉफी. त्या गावात कॉफीची पोती बोटींतून उतरतात, त्यामुळे कॉफी मागण्याची त्यांची भाषाच निराळी. तिथे काळी कॉफी हवी तर "नेरो" म्हणायचं, दुधाचा टिपका हवा तर "कापो". हे बाबा मला शिकवत होते आणि मी श्रूजबरीत बसून "नेरो, कापो" म्हणत होते.

"आणि ताक?" मी चिडवलं.

"ताक तू घेऊन ये," ते म्हणाले. "अमेरिकेत सगळं मिळतं म्हणतेस ना."

त्यांना त्या गावाचं कौतुक होतं ते मिसळीचं. एक कालवा आहे, त्याच्याजवळ सर्बियन लोकांचं निळ्या घुमटांचं चर्च. समुद्राकडे आलं की ग्रीकांचं. गावात ज्यूंचं भलंमोठं सिनेगॉग. टेकडीवर ट्रामने चढलं की गावांची नावं दोन भाषांत, इटालियन आणि स्लोव्हेनियन. आणि इमारती बघाव्यात तर ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या काळातल्या. "बंदर आहे ना," बाबा म्हणाले, "जो उतरला तो राहिला. कुणी कुणाला विचारलं नाही."

"विचारलं असेल हो बाबा. तुम्हाला पुस्तकात सापडलं नसेल."

"तेही आहे," ते म्हणाले, आणि तिसऱ्या दिवसाचा दुसरा तास काढला. गावाच्या कडेला भात सडायची एक जुनी गिरणी आहे. महायुद्धात जर्मनांनी तिथे छावणी केली आणि माणसं मारली, जाळली. मी म्हटलं, हे नको ना, चार तर दिवस आहेत. ते म्हणाले, नुसते घुमट बघून गाव कळत नाही. आणि स्टेशनाजवळचा भागही बघायचा म्हणाले, तिथे अफगाणिस्तान-पाकिस्तानकडून डोंगर तुडवत आलेली पोरं उघड्यावर झोपतात, त्यांच्याकडे कागद नसतात. मी म्हटलं, "तिथे अजिबात जायचं नाही."

"का? तुझ्यासारखीच आहेत. रांगेत आहेत."

माझं डोकं सटकलं. "माझ्यासारखी? मी चालत नाही आले बाबा. मला बोलावून आणलंय, पगार देऊन. सतरा वर्षं टॅक्स भरतेय मी. तुम्हाला तिकडे बसून काय कळतंय इथे काय असतं ते!"

ते खाली मान घालून काहीतरी वाचत राहिले. मग म्हणाले, "चौथा दिवस, पहिला तास," आणि पुढे सांगत गेले. मी मनात म्हटलं, बघा, रागही नाही धरला. आता वाटतं, राग धरायला मी काय बोलले ते लक्षात राहायला हवं होतं.

आधी मुलीच्या लक्षात आलं. ती कॉलच्या सुरुवातीला येऊन "हाय आजोबा" म्हणते. बाबा विचारत, "कितवीत गेलीस?" ती म्हणे, "नाइन्थ." दहा मिनिटांनी ती फ्रिजकडे जाताना दिसली की बाबा पुन्हा, "अरे, कितवीत आता?" एकदा तिने ओठ न हलवता मला सांगितलं, "मॉम, ही जस्ट आस्क्ड मी दॅट." मी कॉल म्यूट करून तिला झापलं. म्हटलं, मोठी माणसं विचारतात तसं, प्रेमाने विचारतात, पुन्हा उत्तर दे. तिने दिलं. पण पोरगी हट्टी, माझीच आहे. पुढच्या शनिवारी म्हणाली, "ही इज रीडिंग इट, मॉम. लुक ॲट हिज आइज."

मी पाहिलं. बाबांची नजर खरंच खाली जात होती, टेबलावर वही होती. पण मला त्यात काय दिसलं? मला आमचे प्रोफेसर दिसले. आयुष्यभर नोट्स काढून शिकवलेला माणूस नोट्सशिवाय बोलेल का? उलट मी मैत्रिणींत मिरवत होते. एकीची आई फोन उलटा धरते, एकीच्या वडिलांना व्हिडिओ कॉल लावता येत नाही, आणि माझे बाबा बघा, न पाहिलेल्या गावाच्या गल्ल्या घडाघडा सांगतात. "डोकं अजून तल्लख आहे हो," असं मी न्यू जर्सीतल्या, आयसेलिनच्या माझ्या एका मैत्रिणीला फोनवर म्हटल्याचं मला आठवतं. ते वाक्य परत घेता आलं असतं तर घेतलं असतं.

बाबा म्हणत होते मे महिन्यात जाऊ. मी ऑक्टोबर ठरवला. का? तर मे महिन्यात ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची रिलीज होती, मुलीचा कॉन्सर्ट होता, आणि मला सगळं नीट हवं होतं. नीट! या एका शब्दापायी इथल्या आमच्या लोकांची अर्धी आयुष्यं गेली आहेत. आधी शिक्का, मग घर. आधी ग्रीन कार्ड, मग आई. बाबा दोनदा म्हणाले, "मे बरा नाही का?" मी म्हटलं, "बाबा, पाच महिन्यांनी काय बिघडतंय? तिथे ऑक्टोबरात गर्दी नसते." त्यावर ते "बरं" म्हणाले. माझा कागद सप्टेंबरच्या सुरुवातीला संपत होता, पण नव्यासाठी अर्ज केला होता. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांना दोन-अडीच महिन्यांत मिळत होता. म्हटलं, येईल की तोवर.

नाही आला. सप्टेंबर उजाडला, मी रोज पोस्टाची पेटी बघते आहे आणि त्यात फर्निचरच्या जाहिराती. इकडे दादा बाबांना घेऊन मुंबईला गेला, इटलीच्या व्हिसाचे कागद द्यायला. त्या दिवशी मी ऑफिसला निघायच्या बेतात होते, तेवढ्यात दादाचा फोन. दादा कधी अवेळी फोन करत नाही.

"आम्ही परत निघालोय," तो म्हणाला. "अर्ज नाही दिला."

"का? काय कमी पडलं? मी सगळ्याच्या प्रिंट काढायला सांगितल्या होत्या ना? इन्शुरन्सचं पत्र कुठे होतं?"

"पत्र होतं," दादा म्हणाला. "जुनं."

काउंटरवरच्या मुलीने बाबांना सहज विचारलं होतं, काका, कशासाठी चाललात? बाबांनी खिशातून ते पत्र काढलं, चाळीस वर्षांपूर्वीचं, घडीवर विरलेलं. म्हणाले, अभ्यासवर्ग आहे, तीन आठवडे, मला लवकर सोडा, बायकोला दिवस गेलेत, मला लगेच परत यायचंय. दादाने सावरायचा प्रयत्न केला तर त्याच्याकडे बघून म्हणाले, हे गृहस्थ कोण? ती मुलगी बिचारी उठून उभी राहिली, तिने त्यांना पाणी दिलं. दादा कागद गोळा करून त्यांना बाहेर घेऊन आला. गाडीत बसल्यावर ते पुन्हा ठीक झाले आणि त्याला नावाने हाक मारून म्हणाले, "काय झालं? नाही मिळाला का व्हिसा?"

मी पायऱ्यांवर बसले. "कधीपासून आहे हे?"

"दीड वर्ष होईल."

दीड वर्ष! डॉक्टर झाले होते, स्कॅन झाले होते, गोळ्या चालू होत्या, आणि मला कुणी ताकास तूर लागू दिली नव्हती. मी दादाला काय वाट्टेल ते बोलले. मी परकी आहे का, मला काय शेजारी समजता का, त्या घरात माझा काही संबंध आहे की नाही. तो ऐकत होता. ऐकून ऐकून म्हणाला, "तुला तिकडे टेन्शन नको म्हणून."

"डोंबलाचं टेन्शन! मला सांगितलं असतं तर मी मे महिन्यात आले असते!"

"आईच्या वेळी सगळं सांगितलं होतं ना तुला," दादा म्हणाला. "रोज सांगत होतो."

त्याला बोलल्याचं वाईट वाटलं असावं, कारण मग त्याने जे सांगितलं ते एरवी कधी सांगितलं नसतं. सांगू नका ही बाबांचीच अट होती. घरात सगळीकडे चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत. गॅसवर, कपाटावर, बाथरूमच्या दारावर, वहिनीच्या फोटोखाली "सूनबाई". मी नाशिकला आले असते तर पहिल्या मिनिटाला कळलं असतं. म्हणून त्यांनी ट्रिएस्ट काढलं. दादाला ते म्हणाले होते, "अनोळखी गावात सगळेच वही बघून चालतात. चार दिवस मी निभावून नेईन. चार दिवस तिला मी पहिल्यासारखा दिसलो पाहिजे."

मला आधी राग आला, नेहमीप्रमाणे. मग काहीच आलं नाही. मी ऑफिसला मेसेज टाकला की बरं वाटत नाहीये, आणि तशीच बसून राहिले. मी त्यांना पाहिजे होते, आणि मला दिसू नये म्हणून ते पहाटे उठून इटलीतल्या गल्ल्या पाठ करत होते. आणि मी त्यांना ऑक्टोबरात गर्दी नसते म्हणून सांगत होते.

दुपारी वकीलबाईला फोन केला. तिने शांतपणे सांगितलं, नवा कागद हातात आल्याशिवाय देश सोडू नका, सोडलात तर परत आत घेतील याची खात्री नाही, रांगेतली जागाही जाईल. कधी येईल? सांगता येत नाही. घरी आजारपण आहे म्हणून लवकर मागता येतं का? येतं, डॉक्टरांचं पत्र जोडा. दादाने पत्र पाठवलं, आम्ही जोडलं. उत्तर आलं की आणखी पुरावा द्या. जीवाला धोका आहे का, असं त्यांना हवं होतं. जीवाला धोका नव्हता. बाबांची तब्येत तशी ठणठणीत होती, साखर नाही, बीपी नाही. नुसती मी पुसली जात होते. त्याचा फॉर्म नसतो.

नवरा म्हणाला, "जा तू. काय व्हायचं ते होऊ दे यार. अडकलीस तर मी बघतो इथलं, पोरीचंही बघतो." मनापासून म्हणाला. मी त्याच्यावरच ओरडले, की तुला काय जातंय बोलायला, रांगेत अर्ज माझ्या नोकरीवर आहे, मी अडकले तर तुलाही इथून निघावं लागेल, इथेच जन्मलेल्या, चौदा वर्षं इथे वाढलेल्या पोरीला काय सांगशील. हे सगळं खरं होतं. पण मला कुणी दोरीने बांधून ठेवलं नव्हतं, हेही खरं होतं. विमानं उडत होती. बॅग माळ्यावर होती. मी आईच्या वेळी हिशेब मांडला होता आणि बाबांच्या वेळीही तोच मांडला, आणि दोन्ही वेळा उत्तर मी इथे राहावं असंच काढलं. कागदाला शिव्या घालणं सोपं असतं. मी भरपूर घातल्या.

आणि सर्वांत लागलं ते वेगळंच. मागच्या सप्टेंबरपासून या सप्टेंबरपर्यंत जो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडला होता, त्यावर मी ट्रिएस्टला जाऊ शकत होते तशीच नाशिकलाही जाऊ शकत होते. कुठल्याही शुक्रवारी. त्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं, कारण मला ऐकायचंच होतं. आयुष्यात त्यांचं एक ऐकलं नाही, आणि ऐकलं ते हे.

आम्ही तिकिटं कॅन्सल केली. बाबांना दादाने काही सांगितलं नाही, मीही नाही. शनिवार चालू राहिले. मी विचारायचे, "बाबा, दुसऱ्या दिवशी काय आहे आपलं?" आणि ते वही उघडायचे. ऑक्टोबर आला आणि गेला. त्यांना कळलं नाही, किंवा कळलं असेल. थंडी पडली, आमच्याकडचं तळं गोठलं, नवरा रोज सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होता. वहीतली पानं इकडची तिकडे व्हायला लागली. टेकडीवरची ट्राम समुद्रात गेली, ग्रीकांचं चर्च नाशिकच्या मेन रोडला आलं. एकदा त्यांनी पूर्ण तास मला उष्णतेचे नियम शिकवले, फार सुंदर शिकवले, मुलगीसुद्धा येऊन बसली. मी एकदाही म्हटलं नाही की बाबा, हे नव्हे. माझ्यासारख्या बाईला हे शिकायला किती महिने लागले, ते माझं मला माहीत आहे. ते मला नावाने हाक मारत होते तोवर मला बाकी काही नको होतं. मग नावाच्या जागी "बाळ" आलं. बाळ तर ते सगळ्या विद्यार्थ्यांना म्हणायचे.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी पोस्टाच्या पेटीत लिफाफा आला. उघडून पाहिला, तोच. मी तिथल्या तिथे, बर्फात उभ्या उभ्या, तिकीट काढायला घेतलं. पुढच्या गुरुवारचं बोस्टन-मुंबई. रिलीज होती. असू दे म्हटलं. दादाला सांगितलं, पण त्याला बजावलं की बाबांना मीच सांगणार, उद्या, कॉलवर.

शनिवारी सकाळी मी केस विंचरून, नीट साडेआठला बसले. दादाने फोन त्यांच्यासमोर टेकवून ठेवला आणि तो बाजूला झाला. बाबांनी स्वेटर घातला होता, दाढी केलेली होती. माझ्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला.

"बोला," म्हणाले. "आपण अमेरिकेहून का?"

मी म्हटलं, "हो."

"माझी मुलगी असते तिकडे. बोस्टनजवळ."

"हो का," मी म्हटलं.

"आत्ताच आम्ही जाऊन आलो. ट्रिएस्टला. ती आणि मी, चार दिवस." त्यांच्या समोर वही नव्हती. ते सरळ माझ्याकडे बघून बोलत होते, गालातल्या गालात हसत. "पाऊस लागला हो फार. पण ती भजी करून घेऊन आली होती डब्यातून. धक्क्यावर बसून खाल्ली आम्ही, छत्रीखाली. एक सरदारजी भेटला, बोटीवरचा, त्यालाही दिली. तो म्हणाला, ही तुमची मुलगी का? म्हटलं, हीच."

दादा मागून काहीतरी म्हणायला पुढे आला. मी मानेने नको म्हटलं.

"रागीट आहे ती," बाबा म्हणाले. "लहानपणापासून. बोट लावायची सोय नाही. पण तिकडे चार दिवसांत एकदाही आवाज चढवला नाही. मी मधे मधे विसरत होतो, तिच्या लक्षात आलं असणार, हुशार आहे. पण बोलली नाही काही. माझा हात धरून चालली सगळीकडे."

मला सांगायचं होतं, बाबा, मी येतेय, गुरुवारी निघतेय. तिकिटाचा कागद माझ्या हातात होता. पण मी निघते हे ज्यांना सांगायचं ते समोर नव्हते, आणि जे समोर होते ते इतके सुखात होते.

"तुम्ही गेलात का कधी ट्रिएस्टला?" त्यांनी विचारलं.

"नाही. राहिलं माझं."

"वडील आहेत तुमचे?"

"आहेत."

"मग त्यांना घेऊन जाऊन या," बाबा म्हणाले. "लांबवू नका फार."